डाग नेमका कुठे बसलाय?

पांढऱ्या केसात पांढरा रंग नसतो. ध्रुवीय अस्वलाचा एखादा केस काचेच्या पट्टीवर ठेवून पाहिला तर तो रंगहीन, जवळजवळ पारदर्शक दिसतो. केसावरचे बारीक खवले, आतली पोकळी आणि तिच्यातली हवा यांच्यावरून प्रकाश चहूकडे विखुरतो, आणि असे हजारो केस शेजारी शेजारी आले की आपल्या डोळ्याला पांढरं दिसतं. टॅक्सिडर्मीत, म्हणजे मेलेल्या प्राण्याचं कातडं कमावून साच्यावर चढवण्याच्या कामात, फिकट रंगाची कातडी हाताळायची असेल तर ही गोष्ट आधी मनात पक्की करावी, कारण पुढची निम्मी डोकेदुखी इथूनच सुरू होते. केसावर चरबीचा अगदी पातळ थर बसला तरी प्रकाश नीट विखुरत नाही आणि केस राखाडी, कळकट दिसू लागतो, मग त्या थराला स्वतःचा रंग असो वा नसो. अशा केसावर ब्लीच कितीही ओतलं तरी उपयोग नसतो; तिथे घालवण्याजोगा रंगच नसतो. शिवाय ओला केस नेहमीच गडद आणि पिवळट दिसतो. म्हणून ओल्या कातड्याकडे पाहून डाग गेला की राहिला हे ठरवू नये. कातडं पूर्ण वाळेपर्यंत निकाल लागत नाही.

१९७० च्या दशकाच्या शेवटी सान डिएगोच्या प्राणिसंग्रहालयातली ध्रुवीय अस्वलं हिरवी झाली होती. हिरवं शेवाळ केसांच्या आतल्या पोकळीत शिरून वाढत होतं. वरून कितीही घासलं असतं तरी तो हिरवा हलला नसता, कारण तो केसावर नव्हताच. डागाकडे बघताना मला हे उदाहरण फार उपयोगी वाटतं. डाग कशाचा आहे हे सगळेच विचारतात. तो कुठे बसलाय हे त्याआधी विचारायला हवं.

जागा तीनच: केसाच्या पृष्ठभागावर, केसाच्या आत, किंवा केसाखालच्या कातड्यात. ओळखायची रीतही सोपी आहे. केसांवर फुंकर मारून भांग पाडायचा आणि मुळाशी बघायचं. रंग फक्त टोकाकडे असेल आणि मूळ स्वच्छ असेल, तर मळ बाहेरून आलेला आहे. रंग मुळाशी गडद आणि वर फिकट होत गेला असेल, तर तो कातड्यातून वर येतोय. बहुतेक वेळा ती चरबी असते, नाहीतर साकळलेलं रक्त. मग पांढरं सुती कापड डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून घट्ट पिळायचं आणि केसांच्या दिशेने एकदा फिरवायचं. कापडावर काही उतरलं तर पाणी आणि साबण पुरतील. काहीच उतरलं नाही तर दुसरं कापड व्हाइट स्पिरिटमध्ये (रंग पातळ करायच्या पेट्रोलियम द्रावकात) ओलं करून तसंच फिरवायचं. त्यावर पिवळं उतरलं तर चरबी आहे. दोन्ही कापडं कोरी राहिली तर डाग केसात मुरलाय, आणि तेव्हाच रंग उडवणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडचा विचार सुरू करायचा. ही तपासणी पाच मिनिटांची असते आणि ती टाळल्यामुळे बिघडलेली कातडी पुष्कळ असतात.

डाग मानायचं कशाला, हेही आधी ठरवावं लागतं. स्टोट हा मुंगसाएवढाही नसलेला प्राणी थंड प्रदेशात हिवाळ्यात पांढराशुभ्र होतो, पण त्याच्या पाठीमागच्या भागावर आणि शेपटीच्या बुडाशी बऱ्याचदा पिवळसर झाक असते. ती त्याची स्वतःची आहे. उत्तर अमेरिकेतल्या डोंगरी बकऱ्याचा रंग दुधापेक्षा सायीकडे झुकलेला असतो. पांढऱ्या शेपटीच्या अमेरिकी हरणाच्या नराला मागच्या पायांच्या सांध्यावर आतून ग्रंथी असतात, आणि माजाच्या दिवसांत तो त्यांच्यावर मूत्र सोडून त्या एकमेकींवर घासतो. तिथले केस तपकिरी-काळे होतात. हा काळेपणा धुऊन टाकला तर मागे उरतं ते कोणत्या ऋतूतलं, कोणत्या वयाचं हरीण हे जाणकाराला सांगता येत नाही. लॅमर्गायर गिधाड तर लोहयुक्त चिखलात मुद्दाम अंघोळ करून छातीची पिसं गंजाच्या रंगाची करून घेतं. पिंजऱ्यातल्या पक्ष्याला तो चिखल मिळत नाही, म्हणून तो पांढरा राहतो. मेंढीच्या लोकरीत घाम आणि लोकरीचं मेण यांच्यामुळे येणारा एक पिवळा असा असतो की लोकर उद्योगातल्या गरम धुलाईतही तो जात नाही. म्हणून कातडं भिजवण्याआधी त्याच जातीच्या, त्याच ऋतूतल्या जिवंत प्राण्याचे चार-पाच फोटो समोर ठेवावेत. कागदासारखा पांढरा प्राणी निसर्गात जवळजवळ नसतो, आणि तसा तयार केलेला माउंट, म्हणजे साच्यावर चढवलेला प्राणी, खेळण्यासारखा दिसतो.

आता रक्त. रक्ताला दोन शत्रू आहेत, थंड पाणी आणि घाई. हिमोग्लोबिन आणि रक्तातली इतर प्रथिनं थंड पाण्यात विरघळतात; गरम पाण्यात ती अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्यासारखी थिजतात आणि केसाला चिकटून बसतात. एका लिटर थंड पाण्याला १५ ते २० ग्रॅम मीठ घालून त्यात डागाचा भाग बुडवायचा, बोटांनी केस हलवायचे, पाणी लाल झालं की बदलायचं. चोळायचं नाही. ओले केस चोळले की त्यांचे खवले एकमेकांत अडकतात आणि नमदा तयार होतो, विशेषतः खालच्या मऊ लोकरीत. पाणी स्वच्छ निघू लागलं की साध्या सौम्य डिशवॉशचे काही थेंब टाकून एकदा धुवायचं, मग खळबळून काढायचं. कच्चं कातडं पाण्यात एकूण अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवू नये. ओल्या कच्च्या कातड्यात जिवाणू झपाट्याने वाढतात आणि केसांच्या मुळांची पकड सोडवतात. डाग निघतो, पण त्याच्यासोबत केसांचा पुंजकाही हातात येतो.

इथे एंझाइमवाल्या डिटर्जंटचा मोह होतो. रक्ताच्या डागावर ती खरंच चांगली चालतात, कारण त्यातलं प्रोटिएज प्रथिनं तोडतं. पण कातडंही प्रथिनाचंच असतं. चामड्याच्या कारखान्यांत केस काढून टाकण्यासाठी प्रोटिएज वापरण्याची एक रीतच आहे. केसाच्या मुळाभोवतीची प्रथिनं ते आधी खातं आणि केस सुटतो. ज्या गोष्टीने कारखानदार केस काढतो तीच आपण केस वाचवायच्या कातड्यावर ओतायची का, हा प्रश्न स्वतःला विचारावा. कमावलेल्या चामड्याच्या केसांच्या टोकांवर, पाच-दहा मिनिटांपुरतं आणि नंतर भरपूर पाण्याने धुऊन, ते चालू शकतं. कच्च्या कातड्यावर अजिबात नाही.

सुकलेलं जुनं रक्त तपकिरी पडतं. त्यावर आधी थंड मिठाचं पाणी कापडाने ठेवून वीस मिनिटं मऊ होऊ द्यायचं, मग वरच्या पद्धतीने धुवायचं. लगेच पेरॉक्साइड टाकायचं नाही. रक्तातलं कॅटलेज हे एंझाइम पेरॉक्साइडला पाहताच त्याचं पाणी आणि प्राणवायू करून टाकतं. फेस जोरात येतो, काहीतरी घडतंय असं वाटतं, पण पेरॉक्साइडची ताकद बरीचशी त्या फेसातच संपते. शिवाय रक्तातल्या लोहाच्या संगतीने पेरॉक्साइड जास्त आक्रमक होतं आणि केसाच्या केराटिन या प्रथिनालाही तोडतं. रक्त जितकं पाण्याने निघेल तितकं काढून, उरलेल्या फिकट पिवळ्या छटेपुरतंच पेरॉक्साइड राखून ठेवावं.

कातड्याच्या आत साकळलेलं रक्त हा वेगळा प्रकार. आखूड पांढऱ्या केसांच्या प्राण्यात, पोटावर किंवा गळ्यावर, ते वाळल्यावर निळसर-तपकिरी छायेसारखं केसांतून दिसत राहतं. ते मांसाच्या बाजूने काढायचं असतं. चरबी आणि पडदे खरवडून झाले की ती जागा मिठाच्या थंड पाण्यात ठेवून चमच्याच्या पाठीने किंवा बोथट पट्टीने मधून कडेकडे दाबत ढकलायचं. एका बैठकीत सगळं निघत नाही. पिकलमध्ये, म्हणजे मीठ आणि आम्लाच्या पाण्यात, जाण्याआधी जेवढं निघेल तेवढं खरं, कारण आम्ल रक्तातल्या प्रथिनांना थिजवतं आणि रंग तपकिरी करून टाकतं.

मिठामुळे होणारे डाग लोकांच्या लक्षातच येत नाहीत. मीठ कातड्यातलं पाणी ओढतं आणि ते पाणी रक्त, लस (ऊतींतला पाणीदार द्रव) आणि विरघळलेली प्रथिनं घेऊन वाहतं. कातडं सपाट जमिनीवर केसांची बाजू खाली करून पसरलं तर हा सगळा लालसर रस पांढऱ्या केसांत जाऊन बसतो आणि तिथेच वाळतो. म्हणून मीठ लावण्याआधी केस धुऊन निथळून घ्यावेत, कातडं उतरत्या फळीवर ठेवावं आणि रस खाली वाहून जाईल अशी वाट करावी. घडी घालायचीच असेल तर मांसाची बाजू मांसाच्या बाजूला, आणि बारा तासांनी ओलं मीठ झटकून नवं लावायचं. काढलेलं मीठ फेकून द्यायचं. त्यात रक्तही असतं आणि जिवाणूही. उबदार, दमट जागेत मीठ लावलेल्या कातड्यावर कधी गुलाबी-लाल थर येतो. तो मीठच आवडणाऱ्या सूक्ष्मजीवांचा असतो, आणि समुद्राच्या पाण्यापासून उन्हात केलेल्या मिठात ते आधीपासून असू शकतात. लाली दिसली म्हणजे कातडं बिघडायला लागलंय असं समजून ते ताबडतोब धुऊन पिकलमध्ये टाकावं. जाडं, मळकं, लोखंडी पिंपात साठवलेलं मीठ पांढऱ्या कातड्याला लावू नये, कारण त्यातलं लोह पुढे पिवळे ठिपके देतं.

पण पांढऱ्या कातड्याचा खरा वैरी चरबीच. रक्त लगेच दिसतं, म्हणून त्याकडे लक्ष जातं. चरबी पहिल्या दिवशी दिसत नाही. महिन्यांनी, कधी दोन-तीन वर्षांनी ती हवेतल्या प्राणवायूने खवट होते, पिवळी पडते आणि केसांच्या मुळांतून वर चढते. फ्रीझरमध्येही ही क्रिया थांबत नाही, फक्त सावकाश होते. चरबीसकट गुंडाळून ठेवलेल्या अस्वलाच्या, रानडुकराच्या किंवा बदकाच्या कातड्याला वर्षभराने येणारी पिवळी चिकट कड ही त्याचीच खूण असते.

चरबी घालवण्याचं ऐंशी टक्के काम सुरीचं आहे, साबणाचं नाही. मांसाच्या बाजूने खरवडताना पातळ पांढरा थर राहिला तर कोणतंही रसायन त्याच्या पलीकडे जात नाही. मग पिकल. पिकल म्हणजे मीठ आणि आम्ल यांचं पाणी: एका लिटरला सुमारे १२० ग्रॅम मीठ, आणि आम्ल एवढं की पीएच २ च्या आसपास राहील. आधी मीठ पूर्ण विरघळवायचं आणि मगच आम्ल घालायचं. मीठ कमी असेल तर आम्लात कातडं जेलीसारखं फुगतं आणि मग ते पूर्ववत होत नाही. पिकलमध्ये कातडं घट्ट आणि पांढरं होतं, त्यामुळे तासून पातळ करणं सोपं जातं. तासल्यावर चरबीच्या पेशी उघड्या पडतात. चरबी काढण्याचा साबण, म्हणजे डीग्रीझर, वापरायची खरी वेळ ही.

यात तापमानाचा पेच आहे. हरीण आणि मेंढी यांची चरबी घट्ट असते, ती ४० अंश सेल्सियसच्या वर कुठेतरी वितळते. त्यामुळे गार पाण्यातली धुलाई तिच्यावर फारसा परिणाम करत नाही. पण आम्ल प्यालेलं कातडं उष्णतेला कच्च्यापेक्षाही नाजूक असतं. पाणी जरा जास्त गरम झालं तर ते आकसतं, रबरासारखं होतं, आणि ते परत ताणता येत नाही. म्हणून पाणी ३० अंशांच्या आतच ठेवायचं, हात घातला तर ना गरम ना गार वाटेल असं. त्या पाण्यातही लिटरमागे ५० ते ६० ग्रॅम मीठ हवं, नाहीतर कातडं फुगतं. डीग्रीझर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात, किंवा नुसतं डिशवॉश लिटरला ५ ते १० मिली. अर्धा तास हलवत राहायचं, पाणी टाकून द्यायचं, पुन्हा नवं. फेस पांढरा आणि हलका येईपर्यंत हे करायचं. फेस जड, करडा आणि लगेच बसणारा असेल तर चरबी अजून आहे. साबणाचं गढूळ पाणी केसांवर वाळू दिलं तर काढलेली चरबीच सगळीकडे सारखी पसरते, म्हणून खळबळणं हे धुण्याइतकंच गंभीर काम आहे.

फारच चरबीवाल्या कातड्यासाठी व्हाइट स्पिरिटसारखा द्रावक लागतो. कातडं कमावून, वाळवून झाल्यावर उघड्या हवेत, ज्योत, स्विच आणि मोटर यांच्यापासून लांब, नायट्राइलचे हातमोजे घालून ते द्रावकात भिजवायचं, निथळायचं आणि ओलं असतानाच भरपूर शोषक पावडरीत घोळायचं. द्रावक चरबी सैल करतो आणि पावडर ती द्रावकासकट ओढून घेते. पावडर न वापरता नुसता द्रावक उडू दिला तर चरबी केसांच्या टोकांवर येऊन बसते आणि डाग आधीपेक्षा वाईट दिसतो. मुलतानी माती, बटाट्याचं स्टार्च, मॅग्नेशियम कार्बोनेट ही पांढऱ्या केसांना चालणारी शोषकं. भुसा वापरायचा तर फिकट लाकडाचा आणि कोरडा घ्यावा. ओकसारख्या टॅनिनवाल्या लाकडाचा भुसा ओल्या पांढऱ्या कातड्याला चहासारखा रंग देतो आणि तो नंतर निघत नाही.

कातडं कशाने कमावायचं याचा पांढरेपणाशी थेट संबंध आहे, आणि हा निर्णय बरेच जण नको तितक्या हलक्यात घेतात. झाडाच्या सालीच्या टॅनिनने कमावलेलं तपकिरी होतं. क्रोमने निळसर-हिरवट. ग्लुटराल्डिहाइडने पिवळट. तुरटीने कमावलेलं खरोखर पांढरं राहतं, पण तुरटी कातड्याला घट्ट धरत नाही. पाण्याने ती निघून जाते आणि चामडं वाळल्यावर पुठ्ठ्यासारखं होतं. म्हणजे तुरटीचं चामडं नंतर धुता येणार नाही आणि सगळे डाग आधीच काढायला हवेत. पांढऱ्यासाठी बनवलेली कृत्रिम टॅनिनं हा त्यातल्या त्यात सुरक्षित पर्याय. कमावल्यानंतर लावायच्या तेलाचंही तसंच. माशाचं तेल हवेत पिवळं पडतं. शॅमॉय चामड्याचा पिवळा रंग त्याच तेलाचा असतो. पांढऱ्यासाठी प्रकाशात न पिवळणारं तेल निवडावं, कमी लावावं, मांसाच्या बाजूने लावावं आणि टाक्यांच्या, डोळ्यांच्या, ओठांच्या कडेपासून बोटभर लांब थांबावं. तेल कडेवरून केसांत उतरतं आणि पुढे तिथे एक पिवळी रेघ राहते.

लोखंडाचे डाग दोन तऱ्हांचे. नारिंगी असेल तर गंज. निळा-काळा असेल तर लोखंड आणि टॅनिन यांची भेट झालीय, जुन्या काळची शाई अशीच करत. दोन्हींवर ऑक्झॅलिक ॲसिड चालतं: लिटर पाण्याला २० ते ३० ग्रॅम, कापसाच्या बोळ्याने फक्त डागावर, पाच मिनिटं, मग साध्या पाण्याने तीन-चार वेळा पुसून काढायचं. हे विष आहे, हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि ते केसांत वाळू देऊ नये. या डागांचा उगम मात्र बहुधा आपल्याच टेबलावर असतो: साच्यावर चढवलेलं कातडं वाळेपर्यंत कान आणि टाके धरून ठेवायला टोचलेल्या साध्या पोलादी टाचण्या. पितळेच्या वापरल्या तर चरबीशी त्यांची क्रिया होऊन हिरवा मेणचट डाग येतो. स्टेनलेस स्टीलच्या टाचण्या घ्याव्यात आणि भांडी प्लॅस्टिकची.

गवताचा हिरवा अल्कोहोलने उतरतो. झाडाचा डिंक आणि डांबर टर्पेंटाइनने सैल करून साबणाने धुवावं. पित्ताचा हिरवा-पिवळा ताजा असताना थंड पाणी आणि साबणाने निघतो, शिळा झाला की हट्टी होतो. बुरशीचे काळे ठिपके केसावर असतील तर जातात, चामड्यात असतील तर फिकट होतात, एवढंच.

हे सगळं करूनही जी छटा उरते तिच्यासाठी पेरॉक्साइड. दुकानात ते ३, ६, ९ आणि १२ टक्क्यांचं मिळतं. केस रंगवणाऱ्यांच्या भाषेत १०, २०, ३० आणि ४० व्हॉल्यूम. फिकट कातड्यासाठी ३ पुरेसं, ६ ही माझ्या मते शेवटची पायरी. बाटलीतलं पेरॉक्साइड टिकावं म्हणून आम्लधर्मी ठेवलेलं असतं आणि तसंच लावलं तर ते फार सावकाश काम करतं. अमोनियाचे थोडे थेंब घालून पीएच ८.५ ते ९ पर्यंत आणलं की ते जागं होतं. पीएच मोजायच्या पट्टीने मोजून घालावं, अंदाजाने नाही, ९.५ च्या पुढे केस फुगतो आणि खवले उघडतात. मिसळलेलं द्रावण बाटलीत बंद करून ठेवू नये, वायू साठून बाटली फुटते. काम झालं की उरलेलं टाकून द्यावं.

ते लावायचं केसांच्या टोकाकडून मुळाकडे, मऊ ब्रशने, आणि मुळाच्या अलीकडे थांबायचं. पेरॉक्साइड कातड्यात मुरलं तर ते कमावलेलं चामडं कमकुवत करतं आणि अमोनियाचा अल्क त्यातलं आम्ल मारतो. दर पंधरा मिनिटांनी एक छोटा भाग पुसून, गार हवेने वाळवून बघायचं. एक तासात फरक पडला नाही तर डाग पेरॉक्साइडने जाणारा नाही असं समजून थांबावं. रंग बदलायचा थांबल्यावरही ते केराटिनचे गंधकाचे बंध तोडत राहतं, आणि असा केस वाळल्यावर ठिसूळ, खरखरीत होतो, टोकं तुटतात आणि शेवटी तो आणखी पिवळा दिसतो. थांबल्यावर भरपूर पाणी, मग लिटरला १० ते १५ मिली पांढरं व्हिनेगर घातलेल्या पाण्याने एक शेवटचा हात. केसाचं नैसर्गिक झुकणं आम्लाकडे असतं. त्या हाताने खवले परत मिटतात आणि चमक येते.

क्लोरीनचं ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, कातड्याच्या खोलीत आणूच नये. ते केस विरघळवतं. तुंबलेल्या मोरीतले केस काढायला ते वापरतात ते उगाच नाही. विरघळेपर्यंत गेलं नाही तरी केस पिवळा करून ठेवतं. आणि पिकलच्या आम्लाशी गाठ पडली तर क्लोरीन वायू, अमोनियाशी पडली तर क्लोरामाइन. दोन्ही फुप्फुसं जाळतात.

पिवळी छटा लपवण्यासाठी नीळ वापरता येते, पण थेंबाच्या हिशोबाने. शेवटच्या पाण्याच्या बादलीत एवढीच की पाणी जेमतेम आभाळी दिसावं, आणि कातडं आत घालण्याआधी ती पूर्ण विरघळलेली असावी. कण राहिला तर निळा ठिपका कायमचा. डिटर्जंटमधली चकाकी आणणारी रसायनं मी टाळायला सांगेन. ती अतिनील प्रकाश पिऊन निळा सोडतात, म्हणून सुरुवातीला पांढरं झगझगीत दिसतं, पण लोकरीसारख्या केसांवर ती प्रकाशात लवकर बिघडतात आणि पिवळेपणाला उलट घाई करतात.

वाळवताना ऊन नको. उन्हात पांढरा केस आणखी पांढरा होतो असा समज आहे. ओल्या लोकरीवर अतिनील प्रकाशाचा परिणाम याच्या नेमका उलट होतो, ती कोरड्या लोकरीपेक्षा भरभर पिवळी पडते. सावली, पंखा, गार हवेचा ड्रायर आणि सतत हाताने केस मोकळे करत राहणं, याला पर्याय नाही. एका जागी ओलं राहिलं तर त्याच्या कडेला ओलीची रेघ उमटते, कारण विरघळलेला मळ पाण्याबरोबर कडेपर्यंत जाऊन तिथे वाळतो. म्हणून डाग पैशाएवढा असला तरी ओलं करताना एखाद्या नैसर्गिक सीमेपर्यंत, म्हणजे रंग बदलतो तिथपर्यंत किंवा केसांची दिशा वळते तिथपर्यंत जावं आणि कड विरत न्यावी.

तयार माउंटवर यातलं बरंच काही करता येत नाही. पाणी चामड्याला सैल करतं, आतला गोंद सुटतो, टाके ताणले जातात, आणि जुन्या माउंटमधला कागदाच्या लगद्याचा साचा मऊ पडतो. आणि जुना माउंट असेल तर हात लावण्याआधी विषाचा विचार करावा. अठराव्या शतकात झाँ-बाप्तिस्त बेकर या फ्रेंच औषधविक्रेत्याने आर्सेनिकचा साबण काढला आणि तो पुढे विसाव्या शतकातही खूप काळ वापरात राहिला. पाऱ्याची संयुगंही लावत. कानाच्या बुडाशी, पंजांत, टाक्यांवर पांढरी पावडर दिसली तर संशय घ्यावाच, आणि दिसली नाही म्हणून निश्चिंत होऊ नये. अशा वस्तूची आधी तपासणी करून घ्यावी. तोवर हातमोजे, बारीक कण अडवणारा मास्क, आणि झटकणं पूर्ण बंद.

सुरक्षित असल्याची खात्री झाली की सुरुवात कोरड्याने. मऊ ब्रशने धूळ केसांच्या दिशेने उचलायची आणि बारीक गाळणाचा फिल्टर असलेल्या व्हॅक्यूमची नळी, तोंडाला जाळी बांधून, जवळ धरायची. मग निम्मं डिस्टिल्ड वॉटर, निम्मं अल्कोहोल, कापड ओलं पण न गळणारं, एका जागी एकदाच, कापडाची बाजू बदलत. चरबीच्या पिवळ्यावर व्हाइट स्पिरिट आणि लगेच शोषक पावडर, वाळली की ब्रशने काढायची. नाकाच्या आणि ओठांच्या रंगवलेल्या जागांपासून दोन्ही द्रावक लांब ठेवावेत, रंग उतरतो. चरबी आतून झिरपत असेल तर वर्ष-दोन वर्षांनी ती पुन्हा येणार, कारण ती कमावताना राहिलेली आहे आणि आता तिच्यापर्यंत पोहोचता येत नाही. हे मालकाला काम हातात घेण्याआधीच सांगावं. पांढरा ॲक्रिलिक रंग मारून डाग झाकण्याची पद्धत मला पटत नाही. केस एकमेकांना चिकटतात, प्रकाश विखुरायचा थांबतो आणि ती जागा खडूने रंगवल्यासारखी दिसते. त्यापेक्षा त्याच कातड्याच्या न दिसणाऱ्या भागातला तुकडा बदलून शिवणं बरं, किंवा अजून साच्यावर चढवायचं असेल तर डागाची बाजू भिंतीकडे जाईल अशी ठेवण निवडणं.

शेवटी पायथ्याच्या खाली एक कागद चिकटवावा: कशाने कमावलं, कोणतं तेल लावलं, पेरॉक्साइड लागलं असेल तर कुठे आणि किती टक्क्यांचं, नीळ वापरली का. पुढच्या वेळी हे कातडं धुणाऱ्याला तुरटी आहे की नाही एवढं जरी कळलं, तरी पाण्याचा बोळा उचलायचा की नाही हे त्याला लगेच ठरवता येईल.